१० एमएम व्यास, ११० खोल होल: सोनेरी ड्रिल सोडून काळं कोटिंग घेऊ का?

हिंगणा_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आपलं छोटं युनिट आहे, दोन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि एक जुनी रेडियल ड्रिल. सध्या हायड्रॉलिकचे मॅनिफोल्ड ब्लॉक करून राहिलो. मटेरियल ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील), होल १० एमएम, खोली ११० एमएम, म्हणजे व्यासाच्या ११ पट, आणि होल आरपार नाही, ब्लाइंड आहे. मशीनला थ्रू कूलंट, म्हणजे ड्रिलच्या आतून येणारं कूलंट, नाही, बाहेरून दोन नोझल आहेत तेवढेच.

ड्रिल वापरतो ते डीआयएन ३४० लाँग सिरीज, एम३५ कोबाल्ट, वरून टीआयएन म्हणजे ते सोनेरी कोटिंग. ९०० आरपीएम, फीड ०.१२ पर रेव्ह, जी८३ मध्ये (थोडं कापून वर येणारी पेक सायकल) क्यू, म्हणजे एका पेकची खोली, ३ एमएम ठेवला आहे. आता प्रॉब्लेम असा की एखादं ड्रिल आरामात चाळीसेक होल काढून देते आणि त्याच डब्यातलं दुसरं दहा-बारा होलातच खटकन तुटते, तेही जवळजवळ नेहमी ८० एमएमच्या खाली गेल्यावर. तुकडा आत अडकला की तो ब्लॉक गेला समजा, कारण तोपर्यंत बाकीचं सगळं मिलिंग झालेलं असते, आणि स्पार्क मशीनवर तुकडा काढायला पाठवला तर जेवढा जॉबचा पैसा नाही तेवढा तिकडं जातो.

टूलवाला म्हणतो टीआयएएलएन घ्या, ते काळपट जांभळं, त्याला उष्णता लागत नाही, डबल चालेल. भाव बराच जास्त आहे. दुसरं असं की धार लावल्यावर पॉइंटवरचं कोटिंग तर निघूनच जाते, मग महागाचं कोटिंग घेऊन फायदा काय, साधं ब्राइट, म्हणजे बिनकोटिंगचं, ड्रिलच घ्यावं आणि जास्त वेळा धार लावावी असं आमच्या ऑपरेटरचं म्हणणं आहे. ज्यांनी खरंच इतक्या खोल होलाचं काम केलं आहे त्यांनी सांगा.

---

धारवाला_वाडी

भाऊ, कोटिंगचं नंतर पाहू, आधी तुटलेले ड्रिल फेकू नका, सगळे एका डब्यात गोळा करा आणि भिंगाखाली पाहजा. ड्रिल काहून मेलं हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असते. माझ्याकडं वाडीत रोज धारेला येतात ना, दहात सात जण तर दुकानात उभे राहिल्या राहिल्या म्हणतात की कंपनी खराब, कोटिंग खराब, आणि ड्रिल हातात घेतलं की वेगळीच गोष्ट निघते.

बाहेरचा कोपरा, म्हणजे जिथं धार आणि मार्जिन (ड्रिलच्या बाजूची होलाले टेकणारी पट्टी) भेटते, तो गोल होऊन निळा पडला असन तर स्पीड जास्त आहे नाहीतर तिथवर कूलंट पोचत नाही. मधली चिझल एज दबली किंवा फुटली असन तर फीड जास्त आहे नाहीतर पॉइंट पातळ केलेला नाही. धारेचे तुकडे उडाले असन तर मागचा क्लिअरन्स जास्त दिला आहे, १० एमएमला १० ते १२ डिग्री पुरे. आणि धार चांगली, कोपरा चांगला, पण फ्लूटमध्ये, म्हणजे ड्रिलच्या पिळदार खाचेत, चिप ठासून बसली आहे, काही ठिकाणी चिकटून चमकते आहे, अन् ड्रिल मधातून पिळून तुटलं आहे, तर मग ते झिजून नाही मेलं, घुसमटून मेलं. तुम्ही जे सांगून राहिले, ८० च्या खाली, कधी दहा होल कधी चाळीस, त्यावरून मले हे शेवटचंच वाटते. झिजेचं ड्रिल असं मनमानी करत नाही, ते हळूहळू आवाज बदलते, लोड वाढवते, होलाचा फिनिश बिघडवते, मग जाते.

आता फ्लूटचा हिशेब करा. डीआयएन ३४० मध्ये १० एमएमचं ड्रिल एकूण १८४ लांब आणि फ्लूट १२१. तुमची ११० खोली पूर्ण व्यासाची असन तर ११८ डिग्रीच्या पॉइंटची ३ एमएम वेगळी, म्हणजे टोक ११३ वर जाते. बाहेर फ्लूट राहिला फक्त ८ एमएम, आणि त्यातलाही शेवटचा भाग उथळ असते, जिथून ग्राइंडिंग व्हील वर निघालेलं असते. चिपले बाहेर पडायले वाटच नाही ना. वरून दोन-तीनदा धार लावली की ड्रिल ४-५ एमएम कमी झालं, मग तर फ्लूटचं तोंड होलाच्या तोंडाशी जाऊन बंदच होते. माझा नियम साधा आहे, होलाच्या खोलीपेक्षा फ्लूट कमीत कमी दीड व्यास जास्त पाहिजे. नवं ड्रिलही ह्या नियमात पूर्ण बसत नाही, जेमतेम चालते, धार लावलेलं ड्रिल ह्या जॉबले देऊच नका, ते ७०-८० खोलीच्या कामाले ठेवा.

धारेचं दुसरं एक. ड्रिलचा मधला वेब, म्हणजे दोन फ्लूटमधला गाभा, शँककडं (पकडायच्या टोकाकडं) जाड होत जाते, म्हणून प्रत्येक धारेनंतर चिझल एज लांब होते. आणि ड्रिलवरच्या दाबातला निम्म्याच्या आसपास दाब एकटी चिझल एजच खाते, कारण ती कापत नाही, रेटते. म्हणून धार लावली की वेब पातळ करणं, स्प्लिट पॉइंट मारणं, म्हणजे चिझल एज घासून छोटी करणं, हे झालंच पाहिजे. हातानं बेंच ग्राइंडरवर लावलेली धार असन तर दोन्ही लिपची, म्हणजे कापणाऱ्या धारांची, उंची मोजा, ०.०३ च्या वर फरक असन तर एकच लिप कापून राहिली आहे, होल मोठं येईन आणि लांब ड्रिल एका बाजूले ढकलल्या जाईन.

---

मेटलर्जी_शिकते

मी एमटेक करते आहे, विषय टूल कोटिंगच आहे म्हणून थोडं लिहिते, लांब झालं तर माफ करा.

टीआयएन की टीआयएएलएन हा प्रश्न विचारताना खालचा बेस कोणता आणि स्पीड किती हे सोबत विचारलं पाहिजे. टीआयएनचा कडकपणा साधारण २३०० विकर्स (कडकपणाचं माप), टीआयएएलएनचा ३००० च्या वर, आणि खालचं एम२ किंवा एम३५ स्टील ८००-९०० विकर्सच्या आसपास. म्हणजे दोन्ही कोटिंग बेसपेक्षा कितीतरी कडक आहेत, जाडी मात्र २ ते ४ मायक्रॉन. टीआयएन ५००-६०० डिग्रीला ऑक्सिडाइज व्हायला लागतं, टीआयएएलएन ८०० पर्यंत टिकतं, कारण त्यातलं अॅल्युमिनियम गरम झाल्यावर वर अॅल्युमिनाचा पातळ थर तयार करतं आणि तो थर आतल्या कोटिंगला वाचवतो. पण हा थर बनायला तेवढी उष्णता तर पाहिजे. हायस्पीड स्टीलचं ड्रिल, मीटर-मिनिटात २५-२८ चा स्पीड, वरून पाणी, इथे टीआयएएलएनचा तो गुण कामाला येतच नाही. आणि समजा धार ८०० डिग्रीला गेलीच, तर कोटिंग टिकेल हो, खालचं हायस्पीड स्टील ६०० च्या वरच मऊ पडलेलं असेल. कार्बाइड ड्रिल ८०-१०० च्या स्पीडला चालवता तेव्हा टीआयएएलएन खरा पैसा वसूल करतं.

हायस्पीड स्टीलवर पीव्हीडीच (कमी तापमानाला वाफेतून कोटिंग बसवायची पद्धत) का करतात तेही ह्याच्याशीच जोडलेलं आहे. पीव्हीडी ४५०-५०० डिग्रीला होतं आणि ह्या स्टीलचं टेम्परिंग ५५० च्या आसपास झालेलं असतं, त्यामुळे बेसला धक्का लागत नाही. जुनी सीव्हीडी (गॅसच्या रासायनिक क्रियेने कोटिंग) १००० डिग्रीच्या घरात होते, त्यात ड्रिलचं हार्डनिंगच जाईल.

ईएन८ मध्ये कमी स्पीडला टीआयएन पुरेसं आहे, थोडं पुढे जायचं तर टीआयसीएन बघा, ते जास्त कडक असतं आणि घर्षण कमी, फक्त ४०० डिग्रीच्या वर टिकत नाही, पण तुमच्या स्पीडला कूलंटखाली चालतं.

आता ऑपरेटर दादांच्या मुद्द्याबद्दल, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धार लावताना ग्राइंडिंग होतं ते फ्लँकवर, म्हणजे धारेच्या मागच्या उतारावर. फ्लूटच्या आतलं कोटिंग तसंच राहतं, मार्जिनवरचंही राहतं. कापताना चिप घासत जाते ती फ्लूटच्या तोंडाकडच्या भागावर, म्हणजे रेक फेसवर, आणि मग पूर्ण फ्लूटमधून वर चढते. खोल होलात चिपचा हा प्रवास १०० एमएमचा आहे, तिथे साध्या स्टीलवर चिप चिकटते आणि टीआयएनवर घसरते, कारण स्टीलला टीआयएनशी वेल्ड होणं जमत नाही. म्हणून धार लावलेलं कोटेड ड्रिल नव्या कोटेडइतकं नाही चालणार, फ्लँक उघडा पडल्यामुळे तिथली झीज लवकर होईल, पण साध्या ब्राइट ड्रिलपेक्षा ते पुढेच राहतं. उथळ होलात हा फरक कमी जाणवेल, खोल होलात जास्त. फक्त धार लावणाऱ्याने कोपऱ्याची आणि मार्जिनची झीज पूर्ण निघेपर्यंत मागे कापलं पाहिजे, अर्धवट झिजलेलं मार्जिन ठेवून नुसती धार लावली तर काही उपयोग नाही.

---

धारवाला_वाडी

ताईंनी बरोबर सांगितलं. एक जोडतो, फ्लूट आतून गुळगुळीत आहे की खरबडीत हे नख फिरवून पाहजा. काही ड्रिलवर कोटिंगचे बारीक थेंब बसलेले असतात, खाली फ्लूट नीट पॉलिश नसते, मग रंग कितीही सोनेरी असू द्या चिप अडकतेच. आणि नुसत्या सोनेरी रंगावर जाऊ नका, खालचं स्टील कोणतं आहे ते विचारा, इतवारीत लोहा ओळीत पिवळ्या रंगाचं ड्रिल साध्याच्या भावात भेटते तेव्हा समजून घ्यायचं.

---

टूलरूम_बुटीबोरी

मी प्रोग्रॅमच्या बाजूने बोलतो, कारण मला तुमचा क्यू ३ आणि फीड ०.१२ दोन्ही पटले नाहीत.

१० एमएमच्या ड्रिलला ०.१२ म्हणजे चिप पातळ निघते, पातळ चिप तुटत नाही, लांब दोरीसारखी होते आणि फ्लूटमध्ये गुंता करते. ०.१५ ते ०.१८ वर न्या, चिप जाड झाली की वळून तुकडे पडतात, छोटे छोटे ६ आणि ९ च्या आकाराचे तुकडे दिसले म्हणजे बरोबर. स्पीड मात्र कमी करा. ९०० आरपीएम म्हणजे २८ मीटर होतो, कोबाल्टला उथळ होलात तो चालतो, पण ११ पट खोलीत टोकाला कूलंट नीट पोचतच नाही, तिथे ६५०-७००, म्हणजे २०-२२ मीटर ठेवा. लोक भीतीपोटी फीड कमी करतात आणि स्पीड तसाच ठेवतात, व्हायला पाहिजे उलटं.

क्यू ३ चं म्हणाल तर सुरुवातीला एवढ्या छोट्या पेकची गरजच नाही. ३ एमएमवर दरवेळी पूर्ण वर यायचं, म्हणजे ३६-३७ वेळा लांब ड्रिल होलाबाहेर जाऊन परत आत घुसणार. दरवेळी घुसताना टोक होलाच्या काठाला थोडं थोडं लागतं, आतमध्ये तळाशी पडलेल्या चिपवर आदळतं, कोपऱ्यावरचं कोटिंग तिथूनच उडतं. आणि वेळ जातो तो वेगळा.

मी असं करतो. आधी छोटं, कडक, स्टब ड्रिल घेऊन २५ खोल पायलट मारतो, त्याच व्यासाचं किंवा ०.०२-०.०३ मोठं, आणि त्याचा पॉइंट अँगल लांब ड्रिलपेक्षा मोठा पाहिजे, लांब ड्रिल १३० चं असेल तर पायलट १४० चं. म्हणजे लांब ड्रिलचं टोक आधी टेकतं, कोपरे नाही. उलट झालं तर कोपरे आधी लागतात आणि तिथंच फुटतात. मग लांब ड्रिल २००-३०० आरपीएमवर जी१ ने (फीडच्या वेगाने) पायलटमध्ये उतरवतो, तळापासून २ एमएम वर थांबवतो, कूलंट चालू, स्पीड पूर्ण, आणि तिथून कापणं सुरू. पुढे ६० पर्यंत १५-१५ चे पेक, ९० पर्यंत १० चे, शेवटी ५-६ चे. खाली जाल तसा पेक लहान, वर असताना मोठा.

फॅनकच्या जी८३ मध्ये क्यू एकच राहतो, त्यामुळे हे एका ओळीत होत नाही. दोन जी८३ लावून आर (ड्रिल वर येऊन थांबते ती पातळी) खाली घेतला तर ड्रिल तिथपर्यंतच वर येतं, चिप बाहेर पडत नाही. मॅक्रो येत असेल तर मॅक्रो लिहा, नसेल तर जी० आणि जी१ च्या ओळी सरळ हाताने लिहून सबप्रोग्रॅम करा, एकदाच लिहायचं आहे, मग प्रत्येक होलाला एम९८ ने तो बोलवायचा. परत खाली जाताना शेवटच्या तळाच्या १ ते १.५ एमएम वर रॅपिड थांबलं पाहिजे. जी८३ वापरत असाल तर हाच गॅप ५११५ पॅरामीटरमध्ये असतो, तो कमी ठेवलेला असेल तर पडलेल्या चिपवर रॅपिडने आदळतं.

वर येताना मी ड्रिल पूर्ण बाहेर काढत नाही, ५ एमएम आतच ठेवतो. लांब ड्रिल पूर्ण स्पीडला हवेत फिरलं की टोक मारतं आणि परत जाताना काठ खातं.

---

रात्रपाळी_कामठीरोड

वरच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. कूलंट बाहेरून असताना ड्रिल ५ एमएम आत ठेवलं तर चिप अर्धी फ्लूटमध्येच राहते, मी पाहिलं आहे, तीच परत आत जाते. आमच्याकडं पूर्ण बाहेर काढतो, नोझल थेट फ्लूटवर मारलेलं असते, चिप धुऊन निघते, आणि टोक थंड होते. स्पीड ७०० ला १० एमएमचं ड्रिल एवढं मारत नाही. ६ एमएमच्या लांब ड्रिलले मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते बाहेर आलं की थरथरते.

आणि हिंगणावाले भाऊ, रनआउट, म्हणजे फिरताना ड्रिल किती डगमगते ते, पाहिला का. ड्रिल कोलेटमध्ये पकडून डायल लावा, कोलेटजवळ नाही, ड्रिलच्या मार्जिनवर खाली टोकाकडं लावा अन् हाताने स्पिंडल फिरवा. कोलेटपाशी ०.०२ असला तर लांब ड्रिलच्या टोकाले तो कितीतरी जास्त दिसते.

---

टूलरूम_बुटीबोरी

ठीक आहे, १० एमएमला, बाहेरच्या कूलंटवर, पूर्ण बाहेर काढून बघायला हरकत नाही, फक्त मग परत आत जाताना काठाच्या आधी रॅपिड थांबवून पायलटमध्ये फीडने उतरवा. वेळ थोडा जाईल. काठावर छोटा चॅम्फर मारून ठेवला तर तेही सोपं होतं.

---

हिंगणा_जॉबवर्क

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगत नाही. डबा काढून पाहिला. लवकर तुटलेल्या बहुतेक ड्रिलचे कोपरे चांगले आहेत, फ्लूटमध्ये चिप ठासलेली आहे, आणि वर चाकूने खरवडली तरी निघत नाही अशी चिकटून बसली आहे. म्हणजे वाडीवाले भाऊ म्हणाले तेच. दोन-तीन ड्रिल मात्र वेगळे दिसले, त्यांचा कोपरा अक्षरशः जळलेला आहे, आणि ते तुटले नाहीत, कापणंच बंद झालं म्हणून काढले होते. एकाच ब्लॉकवर असं काहून होत असन, मटेरियल तर तेच ईएन८.

---

जुना_फिटर

ब्लॉक कसे कापून येतात? बँडसॉवर की गॅसने?

---

हिंगणा_जॉबवर्क

दोन्ही. काही माल बारमधून बँडसॉवर कापून येते, मोठे ब्लॉक प्लेटमधून गॅस कटिंग करून येतात. गॅसवाल्याची कड आम्ही २ एमएम मिलिंग करून साफ करतो.

---

जुना_फिटर

मग ते जळलेले कोपरे तिथले. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास आहे, गॅसने कापलं की कड लाल होते आणि बाजूचं थंड लोखंड तिची उष्णता पटकन ओढून घेते, म्हणजे कड आपोआप हार्ड होते. वरून साफ दिसते, पण २ एमएमच्या आत अजून कडक थर राहिलेला असू शकतो, जाड प्लेटला जास्त. ड्रिल त्या थरातून गेलं की पहिल्या ५ एमएममध्येच कोपरा जातो, कोटिंग टीआयएन असो का आणखी काही. मग तेच कोपरा गेलेलं ड्रिल पुढच्या चांगल्या ब्लॉकवर लागते आणि तिथं जास्त गरम होऊन मरते, आणि आपण दोष देतो त्या ब्लॉकले. गॅस कटिंगच्या कडेवर फाईल मारून पाहा, फाईल घसरली तर अजून कापा, ४-५ एमएम काढा, नाहीतर ब्लॉक नॉर्मलाइज (गरम करून हवेत थंड) करून मागवा. आणि गॅसवाले आणि बँडसॉवाले ब्लॉक वेगळे ठेवा, एकाच ड्रिलने मिसळून मारू नका, नाहीतर कोणतं ड्रिल कशानं गेलं कधीच कळणार नाही.

---

रात्रपाळी_कामठीरोड

कूलंटचंही पाहून घ्या, सध्या मे चालू आहे. टिनाच्या शेडमध्ये ४५ डिग्रीत टाकीतलं पाणी उडते, तेल उडत नाही. आठवडाभरात कॉन्सन्ट्रेशन वर चढते, मग ऑपरेटर नुसतं पाणी टाकते, मग एकदम खाली येते, आणि बोअरचं पाणी असन तर क्षार दरवेळी वाढत जातात, तेल फाटून वर तरंगते. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, महाग नाही. खोल होलाले ८ ते १० टक्के ठेवा, आणि भरताना नुसतं पाणी नाही, २-३ टक्क्याचं पातळ मिक्स करून टाका. रिफ्रॅक्टोमीटरचं रीडिंग म्हणजे टक्केवारी नव्हे, त्या तेलाचा जो फॅक्टर डब्यावर लिहिलेला असते त्यानं गुणायचं. रेडियलवर करायचं असन तर ब्रशनं सल्फरवालं कटिंग ऑइल लावा, सोल्युबलपेक्षा चांगलं चालते, चिप चिकटतच नाही.

---

कार्बाइड_वर्धारोड

मी टूल विकतो, त्यामुळे माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा. ब्लॉकची संख्या मोठी असेल आणि काम वर्षभर येणार असेल तर एकदा थ्रू कूलंटवाल्या मशीनवर १२डी चं (व्यासाच्या १२ पट खोलीचं) कार्बाइड ड्रिल लावून बघा, टीआयएएलएन कोटिंगचं. १० एमएमला ८० मीटर म्हणजे अंदाजे २५०० आरपीएम, ०.२ फीड, ५०० एमएम पर मिनिट, पेक नाही, ११० एमएमचं होल १३-१४ सेकंदात. तुमचं ७०० आरपीएम आणि ०.१५ फीड म्हणजे १०५ एमएम पर मिनिट, नुसतं कापायलाच मिनिटभर, वरून पेकचा वेळ. पण त्याला २०-३० बारचं प्रेशर, गाळलेलं कूलंट आणि ०.०२ च्या आतला रनआउट पाहिजेच, नाहीतर कार्बाइड पहिल्याच ब्लॉकमध्ये तुटेल आणि ते तुटलं की तुमच्या दहा-पंधरा कोबाल्ट ड्रिलचा पैसा गेला. तुमच्या आत्ताच्या मशीनवर, बाहेरच्या नोझलवर, मी ते देणार नाही. तुम्हाला मी पॅराबोलिक फ्लूटचं हायस्पीड ड्रिल सुचवेन. त्याचा फ्लूट रुंद आणि उघडा असतो, हेलिक्स (फ्लूटचा पीळ) ३८-४० डिग्री, वेब जाड असल्यामुळे ड्रिल पिळत नाही, पॉइंट १३० चा स्प्लिट. चिप वर चढायला जागा मिळते, पेक निम्म्याहून कमी होतात. टीआयएन कोटिंगमध्येच घ्या, मेटलर्जीवाल्या ताईंचं म्हणणं योग्य आहे. आणि लांबीत डीआयएन १८६९ ची पहिली सिरीज घ्या, फ्लूटची अडचण जाईल.

---

धारवाला_वाडी

पॅराबोलिकले माझं पूर्ण अनुमोदन. एकच सांगतो, वेब जाड आहे म्हणून त्याची धार बेंच ग्राइंडरवर हातानं लावूच नका, स्प्लिट पॉइंट नीट नाही पडला तर ते साध्या ड्रिलपेक्षाही वाईट चालते. कुठंही द्या, पण मशीनवर लावणाऱ्याकडंच द्या.

---

हिंगणा_जॉबवर्क

मंडळी, जे जे सांगितलं ते लावून पाहिलं, म्हणून लिहितो.

रनआउट टोकाला ०.०८ निघाला, कोलेट झिजलेलं होतं, नवं घातल्यावर ०.०२ च्या आत आला. गॅस कटिंगच्या ब्लॉकची कड ५ एमएम काढायला सुरुवात केली, फाईल खरंच घसरत होती. पायलट, ७०० आरपीएम, ०.१६ फीड, उतरते पेक, ड्रिल पूर्ण बाहेर काढून नोझल फ्लूटवर. पॅराबोलिक टीआयएन मागवलं, डीआयएन १८६९ चं.

ऑपरेटरचंही समाधान करायचं होतं म्हणून बँडसॉच्या एकाच लॉटच्या ब्लॉकवर तीन ड्रिल लावून पाहिले: एक जुन्या स्टाइलचं साधं ब्राइट लांब ड्रिल, एक टीआयएनवालं नवं, आणि एक टीआयएनवालंच पण वाडीत नीट धार लावून आणलेलं, तिघांनाही प्रोग्रॅम तोच. स्पिंडल लोड मीटरकडं पाहत उभा राहिलो. ब्राइट ड्रिलचा लोड ६० एमएमपर्यंत बाकीच्यांसारखाच, त्याच्या खाली चढत जाते आणि पेकनंतर उतरते, पुढचे होल मारत गेलं तसं ते चढणं लवकर सुरू व्हायला लागलं. टीआयएनच्या नव्या ड्रिलचा लोड तळापर्यंत जवळजवळ सारखाच. धार लावलेलं मधात, पण नव्याच्या जवळ, ब्राइटच्या जवळ नाही. फ्लूट पाहिला तर ब्राइटमध्ये चिप चिकटायला लागली होती, दोन्ही सोनेरीत नव्हती. ताई, तुमचं फ्लूटच्या आतल्या कोटिंगचं म्हणणं डोळ्यानं पाहिलं. ऑपरेटरही आता मानून गेला.

तुटणं थांबलं आहे. आता आवाज किंवा लोड वाढला की ड्रिल काढून धारेला देतो. टीआयएएलएन घेतलं नाही.

आणखी एक विचारून घेतो, पुढच्या महिन्यात एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे काही ब्लॉक येणार आहेत, ८ एमएम, ६५ खोल. हेच सेटिंग थोडं कमी करून चालन का?

---

मेटलर्जी_शिकते

नाही, हे तसंच्या तसं उचलू नका. ३०४ वर ड्रिल घासलं की पृष्ठभाग लगेच कडक होतो. त्यामुळे तळाशी ड्वेल (ड्रिल एकाच जागी फिरत थांबणं) अजिबात नको, आणि फीड भीतीने ०.०५ वर आणू नका, प्रत्येक फेऱ्यात धार आधीच्या कडक झालेल्या थराच्या खाली गेली पाहिजे. ८ एमएमला ०.१० च्या आसपास, स्पीड १०-१२ मीटर, म्हणजे ४००-४८० आरपीएम. पेक कमीत कमी, कारण दर पेकला ड्रिल परत टेकताना घासतं. पॅराबोलिक, कोबाल्ट, १३० चा स्प्लिट पॉइंट. कोटिंगमध्ये टीआयसीएन किंवा टीआयएएलएन, स्टेनलेस उष्णता वाहून नेत नाही, सगळी धारेवरच साठते, त्यामुळे इथे टीआयएएलएनचा विचार करण्यासारखा आहे.

---

धारवाला_वाडी

आणि ३०४ वर सेंटर पंच जोरात मारू नका, तेवढा ठिपका पण कडक होते. पायलट स्टब ड्रिलनंच मारा, सेंटर ड्रिल टाळा. धार थोडीशी जरी गेली तरी लगेच काढा, तिथं बोथट ड्रिल रेटलं की होलाचा तळ कडक होऊन बसते, मग नवं ड्रिल पण त्यात शिरत नाही.